अप्पांच्या गळ्यातली संशयी ग्रंथी

जगात निर्दोष माणूस असू शकतो यावर माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा, विश्वास नाही. फार तर चौकशी अजून पूर्ण न झालेला माणूस असू शकतो, एवढं ते मान्य करतात. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडतीची पेढी आहे. तूर आणि हरभरा यांच्या सहवासात त्यांचं सगळं आयुष्य गेलं आणि त्या सहवासातून त्यांनी एकच तत्त्वज्ञान उचललं: पोत्याच्या तोंडाशी असतो तो दाखवायचा माल, खरा माल मध्ये असतो. पोत्यात खुपसून मधले दाणे बाहेर काढायची लोखंडी परखी त्यांच्या हातात इतकी वर्षं राहिली की पुढे पुढे परखी नसतानाही ते तसेच वागू लागले. बाजारातून केळी आणली तर घडाच्या मधलं केळं आधी सोलून बघणार. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचायला घेणार, कारण पहिल्या पानावर काय छापायचं हे त्या लोकांनी ठरवलेलं असतं. फोन वाजला की ‘हॅलो’ म्हणत नाहीत. कानाला लावून गप्प बसतात आणि पलीकडचा कंटाळला की म्हणतात, “आधी तुम्ही बोला.” संशय फारच दाटला तर ते मराठी सोडून कानडीत जातात आणि छताकडे बघत म्हणतात, “यारिगे गोत्तु?” म्हणजे, कुणाला ठाऊक! हे दोन शब्द आले की घरातली माणसं हातातलं काम टाकून आपापल्या निर्दोषत्वाची तयारी करायला लागतात.

माझ्या सोयरिकीची बोलणी चालू होती तेव्हा मी उदगीरमध्येच नुकतं औषधाचं दुकान टाकलं होतं. एका आठवड्यात तीन वेगवेगळी माणसं माझ्या दुकानात येऊन अगदी सारख्या शब्दांत सांगून गेली की पोटात डाव्या बाजूला कळ येते आणि जेवल्यावर वाढते. तिसऱ्या माणसाने भर उन्हाळ्यात कानटोपी घातली होती. मी तिघांनाही सांगितलं की गोळी देत नाही, डॉक्टरला दाखवा. लग्न झाल्यावर कळलं की कानटोपीवाला माझा होणारा मेहुणा होता आणि बाकीचे दोघे अप्पांच्या आडतीवरचे हमाल. मुलाची वानगी तीन ठिकाणांहून काढून बघितली होती आणि ती एकसारखी निघाली म्हणून मुलगी दिली. मी बायकोला विचारलं, एखाद्याला गोळी दिली असती तर काय झालं असतं? ती म्हणाली, “बोलावून घेऊन विचारले असते, बाकीच्या दोघाला कामून न्हाई दिली.”

जावई झालो तरी चौकशी चालूच राहिली. ताप आला की अप्पा माझ्याच दुकानात येत, पण वरची पट्टी कधी घेत नसत. “खोक्यातली मधली काढा, जावय.” मी मधली काढायचो. ती ते हातात तोलून बघायचे, नाकाशी न्यायचे आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की आपण खरोखरच खडूची भुकटी विकत असू असं मला क्षणभर वाटून जायचं. मला राग यायचा. जावई म्हणून या माणसाने आपल्याला एकदा तरी, निदान दिवाळीला तरी, खरं समजावं अशी माझी फार इच्छा होती. सासूबाईंना, म्हणजे ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात त्यांना, मी एकदा हे बोलूनही दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी ह्या घरात येऊन चाळीस वर्षं झाली. माझी चौकशी अजून चालू हाय. तुमचा नंबर कुठं लागतोय?”

मग दोन वर्षांपूर्वी अप्पांना मुतखडा झाला. तो गेला आणि सहा महिन्यांत दुसरा आला. कंबर, मांड्या, बरगड्या सगळं आतून ठणकायला लागलं. तहान एवढी की शेजारी भरलेला तांब्या लागायचा, आणि रात्रीतून चार वेळा उठावं लागायचं. पोट साफ होईना. दुपारी आडतीवर बसल्या बसल्या थकून जायचे. आणि विसरायला लागले. विसरणं हे साध्या माणसाच्या बाबतीत दुखणं असतं; संशयी माणसाच्या बाबतीत ते पुरावा ठरतं. चष्मा सापडेना म्हणजे तो कुणीतरी हलवला. कुणी हलवला? कशासाठी? अव्वा एकदा चिडून म्हणाल्या, “तुमचा चष्मा घालून मी काय बघणार हाय? तुम्हालाच की!” अप्पा सारखे चिडचिडे झाले होते, पण ही चिडचिड नवी की जुनीच जरा ताजी होऊन आली, यावर घरात एकमत होईना. आम्ही वयावर ढकललं. हाडाच्या डॉक्टरांनी हाडं दुखतात म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या महिन्याच्या महिन्याला मी स्वतः, खोक्याच्या मधून काढून, त्यांच्या हातात देत राहिलो.

तिसरा खडा आला तेव्हा मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगितलं. अप्पांनी त्या चिठ्ठीचं जे केलं ते फक्त मोंढ्यातला माणूसच करू शकतो. मोठ्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा तर वानगीच्या पुडीवर मालकाचं नाव कुणी घालत नाही, म्हणजे तपासणारा तोंड बघून भाव सांगत नाही. त्या हिशेबाने अप्पा एका सकाळी तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये गेले आणि तीन नावांनी रक्त देऊन आले. एक स्वतःच्या नावाने. एक त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाने, ज्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. आणि तिसरं माझ्या नावाने, माझा मोबाईल नंबर देऊन. मला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी मोबाईलवर माझ्या नावाचा रिपोर्ट आला, कॅल्शियम वाढलेलं, शेजारी लाल बाण. मी चक्रावलो. आपण लॅबमध्ये कधी गेलो हे आठवेना, तेव्हा स्मरणशक्ती जाते हेही वाढलेल्या कॅल्शियमचं लक्षण असल्याचं मी पुस्तकात वाचलं. अर्ध्या तासात माझ्या मांड्या दुखायला लागल्या. तहान तर केव्हाचीच लागली होती. दुसऱ्या दिवशी अप्पा तीन कागद घेऊन दुकानात आले आणि गल्ल्यावर ओळीने मांडून समाधानाने म्हणाले, “तिन्ही वानग्या जुळल्या जावय. माल एकच हाय.” कागदांच्या हिशेबाने दिवंगत भाऊ, जावई आणि ते स्वतः, तिघांचंही कॅल्शियम सारखंच चढलं होतं.

मी चिडलो खरा, पण पुढे लातूरला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी ते कागद बघितले आणि सगळी हकीकत ऐकून त्या आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, “एकच रिपोर्ट असता तर लॅबची चूक म्हणून आम्ही पुन्हा तपासायला लावला असता. तुम्ही आमचं काम करूनच आलात.” माझ्या सासऱ्यांच्या संशयाला कुणी शाबासकी देत आहे हे मी पहिल्यांदाच बघत होतो. बाईंनी आणखी रक्त घेतलं, पॅराथायरॉईडच्या हार्मोनचं, आणि तो आकडाही चढा निघाला. मग कागदावर गळ्याचं चित्र काढून त्या समजावून सांगायला लागल्या. गळ्यात थायरॉईडच्या पाठीमागे चार इवल्याशा ग्रंथी असतात, तुरीच्या डाळीएवढ्या. रक्तात कॅल्शियम कमी पडलं तर हाडांतून काढून आणायचं, पुरेसं असलं की गप्प बसायचं, एवढंच त्यांचं काम. “तुमच्या चारपैकी तीन गप्प बसल्या असणार, अप्पा. पण एक संशयी झालीय. रक्तात कॅल्शियम भरपूर आहे, तरी तिला ते खरं वाटत नाही. कमी आहे, कमी आहे म्हणत ती हाडं पोखरत बसलीय. तेच जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडात जाऊन खडे होतात.”

अव्वांनी पदर तोंडाला लावला. मेहुण्याने खिडकीबाहेर बघितलं. मी चित्राकडे बघत राहिलो, कारण अप्पांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. अप्पांनी मात्र ते चित्र हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “तिला खात्री वाटत नसंल तर तिचं बी काय चुकलं? आधी तपासा की, कॅल्शियम खरंच हाय का.” ते ग्रंथीच्या बाजूने उभे राहिले होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का? आधीच चढलेल्या कॅल्शियमवर मी वर्षभर गोळ्या वाढत होतो. मी खाली मान घालून म्हणालो, “हो मॅडम, रोज एक. मीच देतोय.” अप्पा लगेच म्हणाले, “मी एक बी खाल्ली न्हाई.” घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून चकल्यांचा डबा काढला. वर्षभराच्या सगळ्या पट्ट्या, एकही गोळी न फोडलेल्या, रबर लावून ठेवलेल्या होत्या. ज्या माणसाने माझ्या एका गोळीवर विश्वास ठेवला नाही त्या माणसाच्या पाया पडावं असं मला त्या दिवशी वाटलं, आणि त्याच वेळी तो डबा त्याच्या डोक्यात घालावा असंही वाटलं.

पुढच्या तपासण्या म्हणजे घरादाराची परीक्षा होती. चोवीस तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये जमा करायची होती. अप्पांनी न्हाणीघराला कुलूप लावलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली, कारण कॅनमध्ये दुसऱ्या कुणी भर घातली तर? दिवसभर सगळं घर आंघोळीवाचून बसलं. अव्वा म्हणाल्या, असल्या चोरीला कोण येणार? अप्पांनी छताकडे बघितलं आणि त्यांना कानडीत उत्तर दिलं. मग गळ्याची सोनोग्राफी झाली, हाडांची घनता मोजली, शिरेतून औषध देऊन काढायचा स्कॅन झाला. खालच्या डाव्या बाजूची ग्रंथी फुगून भुईमुगाच्या दाण्याएवढी झाली होती. बाईंनी स्पष्ट सांगितलं की खुब्याचं हाड इतकं विरळ झालंय की आता नुसता पाय घसरला तरी मोडेल, आणि मूत्रपिंडंही फार दिवस हे सोसणार नाहीत. औषधाने भागण्यासारखं नाही, ती एक ग्रंथी काढायला हवी.

अप्पा नाही म्हणाले. पंधरा दिवस मी, मेहुणा आणि माझी बायको आळीपाळीने समजावत होतो. “शेंगदाण्याएवढी चीज गळ्यात कुठं सापडतीया? हुडकून राहिलो म्हणतील आन् उगं चिरून ठेवतील.” मी म्हणालो, काढल्यावर बाटलीत घालून दाखवतील. “दाखवतील. पण ती माझीच कशावरून?” त्याच सुमारास अंगणात ते एकदा खरोखर घसरले. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचले. अव्वा स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना धरून खाली बसवलं आणि त्यांच्याजवळच फरशीवर बसल्या. मी तिथे होतो. अव्वा कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. “चाळीस वर्षं माझ्यावर शक घेतलात. मी काय बोलले का? आता एकदा त्या गाठीवर घ्या. म्हणावं, तू माझ्या गळ्यात काय करून राहिलीस?” अप्पांनी गळ्यावरून एकदा हात फिरवला. मग मला म्हणाले, “जावय, तारीख घ्या.”

लातूरच्या त्या दवाखान्यात सकाळी अप्पांना हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर बसवलं आणि नर्सने सांगितलं, गळ्यातलं सगळं काढून ठेवा. तिथे सगळं अडलं. अप्पांच्या गळ्यात दोऱ्याला चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. जन्मल्यावर जंगम गुरूंनी बांधलेलं, आणि तेव्हापासून ते अंगावेगळं झालेलं नव्हतं. आमच्या लिंगायतांत ते अंगावरून काढायचं नसतं, जमिनीला टेकवायचं तर नसतंच. नर्स म्हणाली, शस्त्रक्रिया गळ्यावर आहे, शिवाय विजेचं यंत्र वापरतात, अंगावर चांदी चालत नाही, लॉकरमध्ये ठेवा. लॉकर हा शब्द ऐकून अप्पा स्ट्रेचरवरून खाली उतरले. मेहुण्याने घाईघाईने उदगीरला जंगमस्वामींना फोन लावला. स्वामी म्हणाले, घरातल्या कुणीतरी डाव्या तळहातावर घ्यावं, छातीशी धरून बसावं, खाली ठेवू नये, शुद्धीवर आले की परत गळ्यात घालावं, काही दोष नाही. नर्सने घड्याळात बघितलं.

आता प्रश्न एवढाच होता की घरातलं कुणी. अव्वांनी आपणहून नकारार्थी मान हलवली. त्यांचा हात वर्षभरापासून थरथरतो. अप्पांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, पोत्यांच्या रांगेपुढे उभं राहून बघावं तसं. मेहुण्याला विचारलं, “तुझं कुठं हाय रं?” म्हणजे त्याचं स्वतःचं इष्टलिंग. तो पटकन म्हणाला, “गळ्यातच हाय की अप्पा,” आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. अप्पांनी त्या बटणाकडे बघितलं. मग मला विचारलं, “तुमचं?” माझा हात आपोआप छातीवर गेला. तिथे काही नव्हतं हे मला माहीत होतं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांनाही दिसत होतं. खोटं सुचलं, अगदी तोंडापर्यंत आलं. मग मला वाटलं, इतकी वर्षं हा माणूस आपल्यात जे शोधतोय ते एकदाचं सापडू द्यावं. मी म्हणालो, “घरी देवघरात खुंटीला आहे अप्पा. सणावाराला घालतो. लग्नानंतर बहुतेक खुंटीलाच आहे.” माझ्या बायकोने डोळे मिटले. अप्पांनी स्वतःच्या हाताने गळ्यातला दोरा काढला आणि म्हणाले, “हात पुढं करा. डावा.”

मी साडेतीन तास त्या बाकावर बसून होतो. तळहात छातीशी धरलेला, वर उजव्या हाताचं झाकण. माशी नाकावर बसली ती उठवायला बायकोला सांगावं लागलं. चहा तिनेच पाजला. पहिल्या तासात हाताला मुंग्या आल्या, दुसऱ्या तासात खांदा दुखायला लागला, मग काही कळेनासंच झालं. ती डबी माझ्या हाताच्या उबेने गरम झाली होती. मी दुकानदार माणूस, देवाधर्माचा हिशेब मी कधी फार ठेवला नाही, पण त्या वेळी मला सारखं वाटत होतं की अप्पा आत नाहीत, इथे माझ्या हातात आहेत, आणि हात हलला तर त्यांना धक्का लागेल. मला भीती वाटत होती. तो माणूस वाचला पाहिजे असं मला एवढं वाटतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

ग्रंथी सापडली. बाटलीत घालून दाखवलीही, गुलबट, शेंगदाण्यासारखी. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पुन्हा रक्त तपासलं तर हार्मोन उतरला होता. अप्पांना बाहेर आणलं तेव्हा गळ्यावर छोटी पट्टी होती आणि डोळे अर्धवट उघडे होते. मी पुढे झालो. डबी उघडून दाखवावी म्हणून अंगठा लावला, कारण ते आधी आत बघणार हे उघडच होतं. त्यांनी माझा हात थांबवला, डबी तशीच मिटलेली घेतली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हात आखडला असंल तुमचा.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओठांना मुंग्या आल्या. बाई म्हणाल्या, असं होतं, उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतायत. काही महिने कॅल्शियम पोटात द्यायचं. आता घरी सगळं ठीक आहे. खडा नाही, तहान नाही, अप्पा पुन्हा मोंढ्यात जातात. कॅल्शियम उतरलं की स्वभाव निवळेल असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून घरचे डोळे लावून बसले होते. चिडचिड गेली, विसरणं गेलं, संशय मात्र आहे तसाच आहे, उलट तब्येत सुधारल्यामुळे त्याच्यात जोर आलाय. नव्या दूधवाल्याची चौकशी चालू आहे. मेहुण्याने शर्टाचं बटण का लावलं याची तर अजून चालू आहे. अव्वांचीही चालू आहे, पण अलीकडे त्या फक्त हसतात.

एक मीच काय तो यादीतून गळालो. परवा अप्पा दुकानात आले, कॅल्शियमच्या गोळ्या मागितल्या. मी सवयीने खोक्याच्या मधली पट्टी काढायला गेलो तर म्हणाले, “वरची द्या की, घाई हाय.” मी दिली. त्यांनी ती न बघता खिशात टाकली आणि पायरी उतरले. मला हवं होतं ते मिळालं होतं, तरी मला कसंसंच झालं. कुणीतरी आपल्याकडे बारकाईने बघत होतं आणि आता बघत नाही, असं काहीतरी. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं, पट्टी मागून घेतली आणि तिच्यावरची मुदतीची तारीख त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी तिकडे बघितलंच नाही. “तुम्ही बघितलीया न्हवं? मग झालं,” म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून त्यांच्या गोळ्यांची तारीख मी दोनदा बघतो.